पाळण्याशेजारी बसलेली एद्मा

२०२४ च्या जूनमध्ये पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात दृक्प्रत्ययवादाच्या (इम्प्रेशनिझम या चित्रचळवळीच्या) दीडशे वर्षांचं प्रदर्शन पाहिलं. १५ एप्रिल १८७४ ला नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत तीसेक कलावंतांनी 'सलाँ'ची, म्हणजे सरकारमान्य मोठ्या चित्रप्रदर्शनाची, वाट सोडून स्वतःचं प्रदर्शन भरवलं होतं. ओर्सेने त्या चित्रांबरोबर त्याच वर्षीच्या सलाँमधली चित्रंही लावली, हे मला फार आवडलं. ती गुळगुळीत, भव्य, पुराणातली आणि युद्धातली चित्रं पाहिल्यावर कळतं, मोनेचं धुक्यातलं ल हाव्र बंदर तेव्हा लोकांना अर्धवट का वाटलं असेल.

मोनेच्या त्या 'इम्प्रेशन, सूर्योदय' चित्रापुढे मोबाइलांची गर्दी होती. साहजिकच आहे, चळवळीला नाव त्यावरूनच पडलं. पण माझ्या मते १८७४ चं सगळ्यात धाडसी चित्र बर्थ मोरिझोचं 'पाळणा' आहे.

चित्रात तिची बहीण एद्मा तान्ह्या ब्लांशकडे बघत बसलीय. एक हात गालाला, दुसऱ्या हातात पाळण्याची झिरझिरीत जाळी. बाळाचाही हात आईसारखाच दुमडलेला. जाळीचा पांढरा रंग जवळून पाहा: त्यात निळा आहे, करडा आहे, गुलाबी आहे आणि त्यातून बाळाचा चेहरा जेमतेम दिसतो.

'मातृप्रेमाचं चित्र' म्हणून लोक पुढे जातात, ते मला पटत नाही. एद्मा स्वतः चित्रकार होती. दोघी बहिणी कोरो या निसर्गचित्रकाराकडे शिकल्या, १८६४ च्या सलाँमध्ये दोघींची चित्रं लागली. १८६९ मध्ये एद्माचं लग्न झालं आणि तिचं चित्र काढणं थांबलं. बर्थला लिहिलेल्या पत्रांत ती स्टुडिओची आठवण काढत राहिली. हे माहीत असेल तर तिच्या चेहऱ्यावर माया दिसते, थकवा दिसतो आणि आणखीही काही दिसतं, ज्याला मी नाव देणार नाही. बर्थला ते ठाऊक होतं. म्हणूनच तिने बहिणीला इतकं गोड केलं नाही.

त्या प्रदर्शनात बर्थ ही एकटीच स्त्री. सलाँ तिची चित्रं घेत होतं, म्हणजे गमावण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं. तिचा चित्रकार मित्र एदुआर माने तर सलाँलाच धरून राहिला. 'पाळणा' विकलं गेलं नाही, घरातच राहिलं. लूव्रने ते विकत घेतलं १९३० मध्ये, बर्थ जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावर!

आता ते ओर्सेच्याच संग्रहात आहे. गेलात तर मोने-रेन्वारच्या आधी तिथे जा, आणि एद्माकडे नीट बघा.