विल बायर्सने कुठले हॉरर पिक्चर पाहिले असतील? ओळखा, अगदी सोप्पंय!

सध्या क्विझचा सीझन आहे. कुठल्याही कॅफेत जा, कोणीतरी माइक घेऊन उभा असतोच. मागच्या आठवड्यात कोथरूडमधल्या अशाच एका कॅफेत 'एटीज हॉरर' नावाची संध्याकाळ होती आणि तिथे मला जे ज्ञान मिळालं ते एकट्याने गिळून बसणं बरं नव्हे म्हणून तुम्हालाही वाटतोय. प्रश्न असा होता: स्ट्रेंजर थिंग्ज या नेटफ्लिक्सच्या सिरीयलमधला बारा वर्षाचा विल बायर्स नोव्हेंबर 1983 मध्ये गायब झाला, त्याआधी त्याने यातला कुठला पिक्चर पाहिला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त? पर्याय: पोल्टरगाइस्ट, अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट, चाइल्ड्स प्ले, स्क्रीम.

माइकवाल्या साहेबांचं बरोबर उत्तर, नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट. कारण? 'वेक्ना बघ ना, टोटल फ्रेडी आहे!' (वेक्ना हा सिरीयलमधला खलनायक, फ्रेडी हा त्या पिक्चरमधला.)

तर आता तुम्हालाही सिरीयलमधल्या एखाद्या पात्राने कुठले भुताचे पिक्चर पाहिले असतील हे छातीठोकपणे सांगायचं असेल, तर माझ्याकडून शिकून घ्या. फी नाही.

सगळ्यात आधी, साल बघायचं नाही. साल विचारणारी माणसं तशीही पार्टीत कोणाला आवडत नाहीत. ऐंशीचं दशक म्हणजे एकच मोठा दिवस होता असं धरून चाला. सकाळी फ्रायडे द थर्टीन्थमधला जेसन, दुपारी फ्रेडी, चहाला चाइल्ड्स प्लेमधला बाहुला चकी, आणि रात्री जेवणं आटोपली की 'इट'मधला तो विदूषक, मग तो टीव्हीवर 1990 मध्ये का आला असेना. जेसन म्हटलं की हॉकीचा मास्क काढायचा. 1980 च्या पहिल्या पिक्चरमध्ये त्याच्याकडे मास्क नव्हताच, खूनसुद्धा तो करत नाही, मास्क आला 1982 मध्ये तिसऱ्या भागात, असलं काही कोणी बोलायला लागलं की 'चिल यार' म्हणा. हा उपाय शंभर टक्के लागू पडतो, माझ्यावर पडला.

सिरीयलमधली इलेव्हन ही मुलगी लॅबमध्ये वाढली, मित्रांच्या घरी येईपर्यंत तिला जगच माहीत नव्हतं, टीव्हीवर कोकची साधी जाहिरात लागली तरी तिला लॅब आठवते. तरी तिचीही टॉप टेन यादी बनवा. कोण विचारतंय?

पोस्टरवरून ओळखायला तर अक्कलच लागत नाही. भिंतीवर पोस्टर म्हणजे पिक्चर पाहिलाच. विलचा मित्र माइक, त्याच्या घराच्या तळघरात द थिंग या हॉरर पिक्चरचं पोस्टर आहे, म्हणजे बारा वर्षाच्या पोराने थेटरात एकट्याने जाऊन तो पाहिला, संपला विषय. आता कोणी म्हणेल की त्या पिक्चरला आर सर्टिफिकेट होतं, सतरा वर्षाखालच्यांना आईबाप किंवा मोठं माणूस सोबत असल्याशिवाय प्रवेश नाही, मग माइक गेला कसा? खरं तर इथेच मजा सुरू होते. त्या घरात बाप संध्याकाळभर खुर्चीत घोरत असतो, पोरगं तळघरात काय बघतंय हे विचारणार कोण? आणि ते पहिल्या सीझनमध्ये माइकचा मित्र डस्टिन रात्री विज्ञानाच्या सरांना फोन करतो ना, तेव्हा मिस्टर क्लार्क घरी मैत्रिणीबरोबर काय बघत बसलेत? द थिंगच! तिला समजावतायत की हे काही खरं नाही गं, वितळलेलं प्लास्टिक आणि मायक्रोवेव्हमध्ये टाकलेलं बबलगम आहे. म्हणजे नोव्हेंबर 1983 मध्ये हॉकिन्समधल्या, म्हणजे विलच्या गावातल्या, माणसाला हा पिक्चर घरबसल्या मिळत होता, थेटरात 1982 च्या जूनमध्ये येऊन आपटला होता तरी. मग माइकला का नाही मिळणार? अंदाज बांधायचा तर असा बांधतात राव. पण नको, तुम्ही पोस्टर बघा आणि टिक करा.

या पोरांची मैत्रीण मॅक्स 1984 च्या हॅलोवीनला 'हॅलोवीन' पिक्चरमधला खुनी मायकल मायर्स होऊन फिरते, म्हणून तिने तो पिक्चर पाहिला असणार. ही घ्या एक खरी टीप, चुकून हातातून सुटली.

स्टीव्ह आणि रॉबिन पुढे व्हिडिओच्या दुकानात कामाला लागतात, त्यामुळे त्यांच्या नावावर काहीही खपतं.

आईला मात्र हिशोबात धरायचंच नाही. ही सगळ्यात महत्त्वाची टीप. आपल्या क्विझवाल्यांनी तर ती कोळून प्यायलीय. बारा वर्षाच्या पोराने काय पाहिलं हे ठरवताना त्याची आई कोण आहे, घरात पैसे किती आहेत, थोरला भाऊ काय बघतो याचा काय संबंध? विलची आई जॉइस दुकानात काम करते, जळालेल्या फोनच्या जागी नवा घ्यायला तिला पगाराची उचल मागावी लागते, तेव्हा व्हीसीआर काही शे डॉलरला होता. असल्या घरात पोराने रात्री जागून कॅसेटी बघितल्या असं म्हणायला जरा दमानेच घ्यावं लागतं. थोरला भाऊ जॉनथन, त्याच्या खोलीत एव्हिल डेडचं पोस्टर आहे आणि कधी नव्हे तो घरी आलेला बाप त्यालाच सांगतो की ते काढ, बरं दिसत नाही (हा बाप स्वतः किती बरा दिसतो ते सोडा). तो पिक्चर अमेरिकेत थेटरात आला 1983 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे जॉनथनचं पोस्टर ताजं. पण जॉनथन स्वतः तेव्हा सोळाचा, तो कोणाला असल्या पिक्चरला सोबत नेणार, त्याचीच अडचण. विलला त्याने गोष्ट सांगितली असेल, दाखवला नसेल. असा विचार करायचा असतो. आणि एवढं सगळं करून, अहो, एवढं सगळं करायचीसुद्धा गरज नव्हती, कारण पहिल्या सीझनच्या पहिल्याच भागात, पहिल्याच भागात बरं का, जॉइसला आठवतं की ती विलच्या त्या जंगलातल्या झोपडीत गेली होती आणि तिने त्याच्या हातात पोल्टरगाइस्टची तिकिटं ठेवली होती. तो म्हणतो मला तर परवानगी नव्हती ना. ती म्हणते आता आहे, पण मग आठवडाभर वाईट स्वप्नं पडली म्हणून यायचं नाही. पिक्चर जून 1982 चा, सर्टिफिकेट पीजी, थेटरात पोरं चालतात. आई, वय, साल, पैसे, सगळं जुळतं. लिहिणाऱ्यांनी उत्तर ताटात वाढून ठेवलंय आणि हे साहेब दुसऱ्याच्या ताटातलं उचलून आणतात!

नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट थेटरात आला 9 नोव्हेंबर 1984 ला. विल गायब झाला 6 नोव्हेंबर 1983 ला. वर्ष उलटून तीन दिवस झाल्यावर आलेला पिक्चर तो आधी बघून गेला? विल ज्यात अडकला त्या उलट्या जगात मॅटिनी होती का? बाकीचे दोन पर्याय तर 1988 आणि 1996 चे, म्हणजे चारातले तीन जन्मालाच आले नव्हते, उरलेला एक बरोबर, माणसाने डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी निदान चारात एकदा जमलं असतं.

मी हे उठून सांगितलं. शांतपणेच सांगितलं, खरंच. तर उत्तर आलं, 'सर, सिरीयलवर फ्रेडीचा इन्फ्लुएन्स आहे, गूगल करा.'

आहे ना इन्फ्लुएन्स! कोण नाही म्हणतंय? चौथ्या सीझनमध्ये व्हिक्टर क्रीलचं काम रॉबर्ट इंग्लंडने केलंय, ज्याने फ्रेडी केला तोच माणूस, हा सरळसरळ नमस्कार आहे. पण हा नमस्कार डफर बंधूंनी केलाय, विलने नाही! सिरीयल बनवणाऱ्याने काय पाहिलं आणि सिरीयलमधल्या पोराने काय पाहिलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बरं, तो चौथा सीझन घडतो मार्च 1986 मध्ये. तोवर फ्रेडीचा दुसरा भागसुद्धा येऊन गेलेला, विल कॅलिफोर्नियाला राहायला गेलेला, पोरं मोठी झालेली. हाच प्रश्न 1986 बद्दल विचारला असतात तर मी स्वतः टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि गंमत सांगू? ते डफर बंधू जन्मले 1984 च्या फेब्रुवारीत. विल गायब झाला तेव्हा ते जगात नव्हते. तरी त्यांनी कुठल्या साली कुठलं पोस्टर, कुठलं तिकीट याची फिकीर केली. त्यांच्याही हातून सुटतं, तिसऱ्या सीझनमध्ये पोरं मॉलमध्ये चोरून डे ऑफ द डेड बघायला घुसतात तो दिवस 28 जून 1985 चा आणि पिक्चर अधिकृतपणे लागला जुलैमध्ये. चार-पाच दिवसांचा फरक. त्यावर पण लोकांनी त्यांना धरलं आणि बरोबर धरलं. इथे अख्खं वर्ष खाल्लं तरी आपण 'चिल' करायचं.

आपल्याकडे 1981 सालची गोष्ट दाखवताना घरात रविवारी सकाळी रामायण लावलंय असं दाखवून बघा. रामायण सुरू झालं 1987 च्या जानेवारीत, हे सांगायला कुठल्या क्विझची गरज पडणार नाही, घरातली आजीच उठून आवाज बंद करेल. मग दुसऱ्यांच्या पोराचं बालपण का असं चुलीत घालायचं?

'सर, मजेसाठी आहे हो.' हे तर सगळ्यात वरचं. मजा कशात होती? बारा वर्षाचं पोरगं, तंगीतली आई, गावातलं थेटर, सरांच्या घरची कॅसेट, भावाच्या भिंतीवरचं पोस्टर, एवढ्यावरून त्याच्या डोक्यात कुठली भुतं बसली असतील ते हुडकण्यातच तर मजा होती ना! ती तुम्ही काढून टाकलीत आणि वर आम्हालाच मजा समजत नाही म्हणताय.

अहो, पैसे घेता ना तिकिटाचे? माइक हातात घेता ना, आमचा निर्णय अंतिम राहील म्हणून स्लाइड दाखवता ना? मग त्या स्लाइडवरच्या चार पिक्चरांची सालं बघायला तुमचे हात मोडले होते का? तुमच्या खिशात फोन आहे, अर्धं मिनिट लागतं. सिरीयल न बघता सिरीयलवर प्रश्न काढता, कुठलीतरी यादी उचलता, चुकलंय म्हणून दाखवलं तर समोरच्यालाच रडका ठरवता. लाज वाटायला हवी थोडी. पुढच्या वेळी प्रश्न काढायला बसाल तेव्हा निदान पहिला भाग तरी बघा, पूर्ण, फोन बाजूला ठेवून.