एक नाव लिहा

आमच्या चर्चमध्ये मागून तिसऱ्या बाकावर खांबाच्या डाव्या अंगाला एक जागा आहे. तिथं बसलं की पंख्याचा वारा नेमका लागतो, खांबामुळं पाळकसाहेबांची नजर लागत नाही आणि आशीर्वाद संपल्या संपल्या पहिल्या दारानं सटकता येतं. ही जागा गेली कैक वर्षं माझी आहे. त्यामुळं 'कम्फर्ट झोनच्या बाहेर या' असं कुणी म्हणलं की इतरांना ते काहीतरी मानसिक वगैरे वाटत असेल, मला सरळ तो बाकच दिसतो.

ऑक्टोबरच्या शेवटी पाळकसाहेबांनी उपदेशाला बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय घेतला. यरुशलेम, यहूदीया, शोमरोन आणि पृथ्वीचा शेवट, इथपर्यंत माझे साक्षी व्हा म्हणून प्रभूनं सांगितलंय ते. यरुशलेम म्हणजे आपला कॅम्प, म्हणाले. यहूदीया म्हणजे बेळगाव, अनगोळ-वडगाव-शहापूर सगळं धरून. पृथ्वीच्या शेवटाचं त्यांनी काही सांगितलं नाही पण माझ्या पुढच्या बाकावरचे काका पुटपुटले, "बेंगळुरू." मग शोमरोन. तर हे शोमरोनी आणि यहूदी म्हणजे एकाच मुलखातली माणसं, याकोबाला दोघंही बाप म्हणणार, मोशेची पाच पुस्तकं दोघांचीही, आणि भांडण कशावरनं तर देवाची उपासना कुठल्या डोंगरावर करायची. यांनी म्हणायचं यरुशलेम, त्यांनी म्हणायचं गरिज्जीम. एकमेकांच्या हातचं पाणी पीत नव्हते. बेळगावच्या माणसाला याच्यापुढं आणखी फोड करून सांगायची गरजच नाही, मराठी-कन्नडावरनं १९५६ पासून आम्ही तेच करतोय.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग संडे स्कूलची पोरं चिठ्ठ्या आणि पेन्सिली वाटत सुटली. एक नाव लिहा. ख्रिस्ती नसलेलं, रोज भेटणारं. रोज प्रार्थना करा आणि नाताळच्या आत त्या माणसाशी येशूविषयी बोला.

चर्चमध्ये एवढी शांतता पवित्र सहभागितेलाही नसते. काकांनी दुबईतल्या जुन्या मालकाचं नाव लिहिलं म्हणजे जायला नको. एका बाईंनी सुनेचं लिहिलं, सून कॅथलिक आहे. मी कॉलेजच्या दोस्ताचं लिहिणार होतो जो कॅनडात असतो आणि माझे मेसेजही बघत नाही, तेवढ्यात आमच्या हिनं पेन्सिल ओढून घेतली आणि लिहिलं: शेजारचे सर.

आता हे सर म्हणजे बैलहोंगलकडचे, हायस्कूलला गणित शिकवून रिटायर झालेले, लिंगायत, कपाळावर विभूती आणि हातात कायम पेन्सिल. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. आमच्या दोघांच्या मधे एक भिंत, एक नारळाचं झाड (झाड त्यांचं, नारळ आमच्या पत्र्यावर) आणि अत्यंत चांगले संबंध. चांगले संबंध हीच तर अडचण होती. अनोळखी माणसाला काय, बसस्टँडवर पत्रक हातात कोंबायचं आणि खानापूरच्या गाडीत चढायचं, त्याला मी सुवार्ता म्हणतच नाही, ते नुसतं वाटप. पण ज्याच्याशी उद्या सकाळी पुन्हा कचऱ्याच्या गाडीपाशी भेट होणार आहे त्याला काय सांगणार?

पूर्वीची माणसं वेगळ्याच मातीची. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० साली बळ्ळारीहून बेळगावात आले, म्हणजे पेशवाई बुडून दोनच वर्षं झालेली, आणि तेव्हा त्यांना ना कॅम्पातली बेकरी ना काही. किंवा ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घ्या. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघालेत, डब्यात एक युरोपियन भेटतो, गप्पा होतात, तो यांच्या हातात बायबलातला नवा करार ठेवतो, वर म्हणतो की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. आणि १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा! मराठी मंडळी शंभर वर्षं ज्यांची भजनं गातेय ते टिळक एका रेल्वेच्या प्रवासात हाती लागले आणि त्या गोऱ्या साहेबाचं नावसुद्धा आपल्यात कुणाच्या तोंडी नाही. मला बसमध्ये शेजारी जो मिळतो तो देसूर यायच्या आधी माझ्या खांद्यावर झोपलेला असतो.

पहिल्यांदा जायचं ठरवलं तो दिवस नेमका एक नोव्हेंबर निघाला, कर्नाटक राज्योत्सव. सरांच्या गेटाला लाल-पिवळा झेंडा. आमच्या गल्लीतनं काळ्या दिनाच्या सायकल फेरीला निघालेली पोरं काळ्या फिती लावून. आमची आई खिडकीत बसून दोन्हीकडं बघत म्हणाली, "आज शोमरोन बंद आहे, घरात बस." बसलो.

नंतर मग कुंद्याचा डबा घेऊन गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं. तर ही म्हणाली, थांबा, कुंदा चालतो का ते आधी विचारा. तिचं बरोबर होतं, कर्नाटकाचा २०२२ सालचा धर्मांतराविरुद्धचा कायदा आहे, त्याचं विधेयक तर आमच्याच गावात सुवर्णसौधमध्ये डिसेंबर २०२१ च्या अधिवेशनात विधानसभेत पास झालं, आणि त्यात बळजबरी, फसवणूक यांच्या जोडीला आमिष पण आहे. चर्चमधल्या वकीलकाकांना फोन लावला. त्यांनी घटनेच्या पंचविसाव्या कलमापासून सुरुवात केली, धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं हा हक्क, मग १९७७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, की प्रसार म्हणजे आपलं म्हणणं मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे, आणि मला वाटतं तो निकाल ऐकून मला जेवढं हलकं वाटलं तेवढं कुणालाच वाटलं नसेल. माणूस बदलणं माझं काम नाही हे कोर्टानंही सांगितलं आणि पाळकसाहेब तर पहिल्यापासनं सांगतातच की ते पवित्र आत्म्याचं काम. "आणि कुंदा?" मी विचारलं. काका म्हणाले, "पाव किलोनं कोण बदलतंय ओ. खावा की."

तर गेलो. "बर्री बर्री, कूड्री," सर म्हणाले. बसलो. पावसाचं झालं. हिडकलच्या पाण्याचं झालं. उसाच्या दराचं झालं, आमच्या दोघांच्याही घरी ऊस नाही. मी घसा साफ करून "सर, तुम्ही देवाबद्दल..." एवढंच म्हणालो आणि संपलं. सरांचे डोळे चमकले. मग बसवण्णा, मग अल्लमप्रभू, मग अनुभव मंटप, अक्कमहादेवी, या शरणांची वचनं आधी कन्नडात म्हणणार, मग मराठीत अर्थ, मग मला समजलं का ते तपासून बघायला उलटे प्रश्न. बाराव्या शतकातनं बाहेर पडायला मला रात्रीच्या जेवणाची वेळ झाली. एवढ्या वेळात या माणसाला एकदाही घसा साफ करावा लागला नाही की शेजाऱ्याला काय वाटेल म्हणून थांबावं लागलं नाही. खरं सांगतो, मला हेवा वाटला. ऐकायला छानही वाटलं, ते वेगळं.

पुढं बरेचदा असंच झालं. मी डबा घेऊन जायचो, पावसाचं बोलून परत यायचो. योना कसा, देवानं निनवेला जा म्हणलं तर यापोच्या बंदरातनं उलट्या दिशेला तार्शीशच्या जहाजात चढला. पेत्रालाही कर्नेल्याच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या माणसाच्या घरी जायचं म्हणून देवानं आकाशातनं जनावरांनी भरलेली चादर तीनतीनदा खाली सोडून दाखवली तेव्हा कुठं तो उठला, आणि तोही तेव्हा यापोलाच होता. त्या गावाच्या हवेतच काहीतरी असणार.

मग आमची मोटर जळाली. पाणी चार दिवसांनी यायचं होतं आणि घरात पाहुणे. ही म्हणाली बादल्या घ्या आणि सरांकडं जा. कुंदा नाही, विषय नाही, दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या. सरांनी नळाला पाइप लावला आणि म्हणाले, "बसा. एक विचारू काय? महिना झाला तुम्ही येताय, गोड आणताय, काहीतरी सांगायचं असतंय आणि सांगतच नाही. पैसे पाहिजेत काय?"

"नाही ओ सर!"

"लाजू नका. मुलीच्या फीचं असलं तर..."

आता यापुढं न बोलणं म्हणजे उसने घेणं भाग होतं. म्हणून सांगून टाकलं, चिठ्ठी, पेन्सिल, नाव, नाताळ, सगळं, आणि मग येशूबद्दलही, म्हणजे मला तो कोण वाटतो, वडील गेले तेव्हा मला कशाचा आधार झाला ते. बादली भरून वाहायला लागली तरी दोघांचंही लक्ष नाही. योहानाच्या चौथ्या अध्यायात याकोबाच्या विहिरीवर प्रभूनंही बोलण्याची सुरुवात 'मला प्यायला दे' अशीच केलीय, ती बाई शोमरोनी, हा यहूदी, आणि मागणारा हा. एवढा ऐकलेला उतारा, पण मला आपलं कायम काहीतरी द्यायलाच जायचं असं वाटत होतं. असो. सर सगळं ऐकून म्हणाले, "एवढंच होय? मग पुस्तक द्या, वाचतो. कन्नडात असलं तर बरं."

कन्नडात! इथं खरी परीक्षा सुरू झाली.

आमच्या चर्चमध्ये मराठी उपासना संपली की कन्नड उपासना असते. आम्ही बाहेर पडतो, ते आत येतात, गेटात एकमेकांना मान हलवतो, चाली त्याच, देव तोच, बाक तेच, आणि इतक्या वर्षांत मी त्यातल्या एकाशीही पार्किंग सोडून दुसरं काही बोललेलो नाही. नवा करार मागायला त्यातल्या एका अण्णांना गाठलं. ते इतके खूश झाले की हात धरून आतच नेलं, आणि पहिल्या बाकावर बसवलं. खांब नाही, पंखा नाही. उपदेश भरपूर लांब झाला, पौलाचं भाषण ऐकता ऐकता युतुख तिसऱ्या मजल्यावरनं पडला होता त्याची मला फार आठवण आली. आणि शेवटी त्यांच्या पाळकांनी जाहीर केलं की मराठी मंडळीतले बंधू आता साक्ष देतील.

मला कन्नड येतं, पण बाजारापुरतं. भाव विचारणं, महाग आहे म्हणणं, सुट्टे नाहीत म्हणणं, आणि कंडक्टर जेवढं ओरडतो तेवढं. उभा राहिलो. पाय कापत होते. जेवढा माल होता तेवढा काढला: देव मोठा आहे. मी लहान आहे. माझ्याकडं काही नाही. पैसे लागत नाहीत. जागा आहे, सगळे पुढं या.

सगळं चर्च "आमेन" म्हणून गरजलं. एक अज्जी रडली. पाळकसाहेब मागच्या दारात उभं राहून ऐकत होते ते नंतर म्हणाले, कृपेचा सिद्धांत इतक्या कमी शब्दांत मी वीस वर्षांत मांडू शकलो नाही. जेवायला पुलाव होता. अण्णांनी नवा करार दिला आणि मोबाइल नंबर घेतला, आता दर शनिवारी त्यांचा फोन येतो, उद्या येणार का म्हणून.

सरांनी पुस्तक आठवड्यात आणून दाखवलं. पहिल्याच पानावर पेन्सिलनं बारीक आकडे. "मत्तयानं काय लिहिलंय बघा. अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, तिथनं बाबेलला नेईपर्यंत चौदा, तिथनं ख्रिस्तापर्यंत चौदा. मी मोजल्या. शेवटच्या तेराच भरतात." मी मोजल्या. तेराच. बाप्तिस्म्यापासून ख्रिस्ती आहे, दर नाताळला हा उतारा ऐकतो, माझ्या डोक्यात कधी आलं नाही, कुणाच्याच आलं नसेल, तो वाचला जाताना सगळे केकचा विचार करत असतात.

पाळकसाहेबांना फोन केला. तिकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले, काही अभ्यासक म्हणतात यखन्या दोनदा मोजायचा. काही म्हणतात दावीद दोनदा. शिवाय दावीदाच्या नावातल्या हिब्रू अक्षरांची किंमत चार, सहा, चार, बेरीज चौदा, म्हणून मत्तयाला चौदाचं एवढं कौतुक. हे सगळं मी सरांना सांगितलं. सरांना चार-सहा-चार फारच आवडलं, वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "छान. पण एक कमी आहे तो आहेच की."

पुन्हा फोन. पाळकसाहेब प्रामाणिक माणूस, त्यामुळं त्यांनी अजून भर घातली, की योराम आणि उज्जीया यांच्या मधले तीन राजे मत्तयानं गाळलेतच. मी म्हणालो, हे सरांना सांगायचं की नाही? "सांग की," ते म्हणाले, पण आवाज जरा बारीक झाला होता.

सर नाताळच्या कार्यक्रमाला आले. दोन्ही भाषांतली गाणी ऐकली, करंज्या खाल्ल्या, आमच्या वकीलकाकांशी वाद घातला, खूश होऊन गेले. ख्रिस्ती वगैरे काही झालेले नाहीत, सकाळी विभूती तशीच असते. पण वाचताहेत, भिंतीवरनं प्रश्न येताहेत, आणि मीही त्यांच्याकडनं वचनं ऐकायला जातो, बुधवार ठरलाय.

परवा पाळकसाहेबांचाच फोन. "सर कुठवर आले?"

"योहानाच्या एकविसाव्यात."

"म्हणजे ते मासे..."

"होय. जाळ्यात एकशे त्रेपन्न. एक ते सतरा आकड्यांची बेरीज होते म्हणाले, आणि आनंदानं रात्री झोप नाही आली त्यांना. आता विचारताहेत की मेलेला माणूस उठून किनाऱ्यावर बसलाय, निखाऱ्यावर न्याहारी करालाय, असल्या वेळी मासे मोजत बसलं कोण?"

"मंगळवारी संध्याकाळी येतो म्हणून सांग त्यांना," पाळकसाहेब म्हणाले. "आणि हे बघ, तू पण थांबायचंस हां तिथं. मला एकट्याला त्यांच्यापुढं सोडून जाऊ नको."