खुलासा : ‘फॉर जँगो’मधली प्रत्येक रचना जँगोची नाही

अमेरिकी जॅझ गिटारवादक जो पास याच्या १९६४च्या ‘फॉर जँगो’ या अल्बममधल्या सगळ्या रचना गिटारवादक जँगो राइनहार्टच्याच आहेत, असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. ‘न्युआज’ जँगोची, हे खरं. पण ‘जँगो’ ही रचना पियानोवादक जॉन लुईसची. १९५३ मध्ये जँगो गेल्यावर त्याच्या आठवणीत केलेली. ‘नाइट अँड डे’ कोल पोर्टरची, आणि शीर्षकरचना खुद्द पासची. ज्याचं श्रेय त्यालाच मिळायला हवं.

हा अल्बम म्हणजे जँगोची नक्कलही नव्हे. जँगोच्या पॅरिसमधल्या गाजलेल्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या ताफ्यात, स्टेफान ग्रापेलीचं व्हायोलिन होतं, ड्रम नव्हते. पासने व्हायोलिन घेतलंच नाही, ड्रम घेतले. त्या पंचकातल्यासारखी साथीची गिटार मात्र ठेवली, ती जॉन पिसानोची. जँगोच्या वाद्यमेळाची ओळख मला तिथेच पटते.