ब्रेड मेकर घ्यावा का? महिनाभर उसना आणून बघितला

गेलं वर्षभर माझ्या डोक्यात ब्रेड मेकर बसला होता. ऑनलाइन कार्टमध्ये टाकायचा, किंमत बघायची, काढून टाकायचा. नऊ हजार म्हणजे काही थोडे पैसे नाहीत. शेवटी नणंदेला फोन केला, कारण तिनं दोन वर्षांपूर्वी असाच एक घेतला होता आणि नंतर त्याच्याबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती, तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं. ती म्हणाली, "वहिनी, घेऊनच जा बाई, माळ्यावर जागा अडवून बसलंय."

तर डोंबिवलीतल्या आमच्या टीचभर ओट्यावर एप्रिल-मेमध्ये महिनाभर ते मशीन होतं. मिक्सर फ्रिजवर गेला.

आधी कौतुक. तळाला एक पातं असलेला डबा, त्यात पाणी, वर मैदा, मीठ-साखर, थोडं बटर आणि सगळ्यात शेवटी मैद्यात खळगा करून यीस्ट, पाण्याला लागू द्यायचं नाही. बटण दाबा आणि चार तास विसरून जा. मळतं, फुगवतं, भाजतं, सगळं एकाच डब्यात. असं मशीन अगदी सुरुवातीला बाजारात आणणाऱ्यांपैकी एक जपानची मात्सुशिता, म्हणजे आताची पॅनासॉनिक, 1987 साली. सुरुवातीला त्यांचा ब्रेड बाहेरून करपायचा आणि आत कच्चाच राहायचा. मग इकुको तनाका नावाच्या त्यांच्या एक बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली मळायला शिकल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की तो माणूस पीठ नुसतं दाबत नाही, ताणून पीळ देतो. तो पीळ मशीनमध्ये आणला तेव्हा कुठे जमलं. आमच्या आईंना (सासूबाई) हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग? कणीक काय नुसती बुक्क्या मारून होते का?"

आता मला का हवा होता ते सांगते. एक म्हणजे बाहेरच्या ब्रेडची भीती. 2016 मध्ये दिल्लीच्या सीएसई या संस्थेनं 38 नमुने तपासले होते आणि त्यातल्या 84 टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट नाहीतर आयोडेट (पिठात घालायची रसायनं, ब्रोमेटनं कॅन्सरची भीती) सापडलं होतं, आठवत असेल. पण त्याच वर्षी जूनमध्ये ब्रोमेटवर बंदी आली, म्हणजे मी इतकी वर्षं जुनी भीती सांभाळून बसले होते. दुसरं म्हणजे ब्राउन ब्रेड. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा एकदा, कितीतरी ठिकाणी पहिलं नाव मैद्याचं असतं आणि रंग कॅरॅमलचा. म्हटलं आपण आपलं गव्हाचं खरं खरं करू.

इथेच आपटले. गिरणीतून दळून आणलेलं लोकवनचं पीठ घातलं आणि चार तासांनी वीट बाहेर आली. अतिशयोक्ती नाही, नवऱ्यानं दाराला अडकण म्हणून लावून दाखवली. आपल्या चक्कीत पीठ इतकं रगडून निघतं की ते पाणी भसाभस पितं, पोळी मऊ होते ती त्यामुळेच, पण ब्रेडला जो चिवट ताण लागतो तो कोंड्यामुळे तुटतो. शेवटी निम्मा मैदा घातल्यावर माणसात आला. म्हणजे फिरून पाकिटातल्या ब्राउन ब्रेडच्याच जवळ! त्यात मे महिना. दोनदा ब्रेड भसकन फुगला आणि वरून बसला, मधोमध खड्डा. फ्रिजचं पाणी वापरून यीस्ट कमी केल्यावर सुधारला. लाइट गेली एकदा तो किस्सा सोडूनच देते.

हिशोब पण केला. मैदा, यीस्ट, दूध, बटर आणि लाइट (अर्ध्या युनिटच्या आतच जाते) धरून एक ब्रेड मला साधारण चाळीसला पडला. दुकानात पंचावन्न. पंधरा रुपये वाचले. नऊ हजार वसूल व्हायला सहाशे ब्रेड, आठवड्याला दोन म्हटले तर पावणेसहा वर्षं. तोपर्यंत डब्याचं नॉनस्टिक टिकलं तर.

पण हा हिशोब कागदावरचा. घरात वेगळंच झालं. बाहेरचा ब्रेड आमच्याकडे चार दिवस पुरतो कारण तो कुणाला आवडतच नाही, काही नसलं की खायचा. आणि हा भाजायला लागला की वास जिन्यापर्यंत, पोरं डब्याभोवती उभी. तासभर गार होऊ दिल्याशिवाय कापायचा नसतो, पण थांबतंय कोण, सुरी फिरवली की भुगा. रात्री आठला काढलेला ब्रेड नऊला संपलेला आणि सोबत अर्धी बटरची वडी. ब्रेडमध्ये वाचलेले पंधरा रुपये बटरनं व्याजासकट वसूल केले. आणि उरला तरी तिसऱ्या दिवशी बुरशी, त्यात टिकवायचं काही घातलेलं नसतं ना.

माझं मत विचाराल तर, ज्यांच्या घरात कुणाला अंडं-दूध चालत नाही, किंवा जवळपास धड बेकरीच नाही, त्यांनी डोळे झाकून घ्या. माझी मावसबहीण न्यू जर्सीत आहे, ती त्यात ब्रेड करतच नाही, फक्त पीठ मळून फुगवून घेते आणि ओव्हनमध्ये लादी पाव भाजते, शनिवारी वडापावसाठी. तिचे पैसे केव्हाच वसूल झालेत. माझ्या दारात सकाळी सातला सायकलवर पाववाला येतो, गरम लादी घेऊन. मी कशाला घेऊ?

परवा रविवारी मशीन नणंदेला पोचवलं, तिनं बघितलंही नाही, सरळ माळ्यावर. घरी येऊन चहाबरोबर शेवटचा ब्रेड कापायला घेतला तर सुरी खट्कन अडली. ते मळायचं पातं ब्रेडच्या बुडाशी तसंच रुतलेलं. तिला अजून सांगितलेलं नाहीये.