मध शुद्ध आहे ना?

आमच्या भागातल्या मधमाशीपालन मंडळाची मी सभासद झाले आणि लोकांनी मला 'कशी आहेस?' विचारायचं सोडून दिलं. आता थेट 'शुद्ध मध कसा ओळखायचा गं?' लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी, माझा जबडा उघडा ठेवून. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. त्याची कसोटी तयार असते, आपण फक्त मान डोलवायची. कुणाचा शुद्ध मध पाण्यात सरळ तळाशी जातो, कुणाच्या मधात बुडवलेली काडी पेटते, आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मते शुद्ध मधाला कुत्रं तोंड लावत नाही. त्यांचं कुत्रं पोळीलाही तोंड लावत नाही, पण हे त्यांना कोण सांगणार?

मंडळात शिकवलेलं मी सांगून पाहते. घरगुती कसोट्यांनी काही सिद्ध होत नाही, साखरेचा दाट पाकसुद्धा तळाशी जातो. मध थिजून रवाळ होणं हे भेसळीचं लक्षण नाही, त्यातल्या ग्लुकोजचा तो स्वभाव आहे. एवढं ऐकल्यावर समोरचा माझ्याकडे दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याकडे बघावं तसं बघतो.

खरं तर पुण्यात हे शिकायची सोय जुनी आहे. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून इथेच आहे. पण तिथे रीतसर शिक्षण. आमचं मंडळ म्हणजे रविवारी सकाळी एका सभासदाच्या शेतावर जमणारी हौशी मंडळी. निम्मी निवृत्त, उरलेल्यांना निवृत्त व्हायची घाई. शिकवणारे सर महाबळेश्वरच्या बाजूला पेट्या सांभाळत म्हातारे झालेले. ते इतकं सावकाश बोलतात की शेवटचा शब्द येईपर्यंत आपण वाक्याची सुरुवात विसरलेलो असतो.

पहिलाच धडा कुटुंबव्यवस्थेचा. फलित अंड्यातून मादी निघते, अफलित अंड्यातून नर. म्हणजे नराला बाप नसतो, पण आजोबा असतात, आईचे वडील. सरांनी फळ्यावर वंशावळ काढली. मागून एका काकांनी गंभीरपणे विचारलं, "मग गोत्र कुठलं लावायचं?" सरांनी खडू खाली ठेवला. पुढे ते म्हणाले, नराला नांगी नसते, तो मध गोळा करत नाही, आणि फुलोरा संपला की कामकरी माश्या त्याला पेटीबाहेर काढतात. निवृत्त पुरुषवर्गात एकदम शांतता पसरली. बायका वहीत लिहून घेत होत्या.

मग नाच. फुलं कुठे सापडली हे माशी अंधाऱ्या पोळ्यावर नाचून सांगते. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. सरळ वर नाचली तर सूर्याच्या दिशेने, तिरकी नाचली तर तितक्याच कोनात बाजूला, आणि कंबर जितका वेळ हलवली तितकं लांब. सरांना वाटलं, हे करून बघितलं की डोक्यात पक्कं बसेल. त्यांनी शेतात गुळाचा डबा लपवला, एका बँक मॅनेजरांना जागा दाखवली आणि त्यांना नाचून सांगायला लावलं. मॅनेजरांनी पोट सांभाळत, लाजत, दोनदा उपरणं सावरत नाच केला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही सगळे फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाडीवर पोचलो. गूळ दुपारी मुंगळ्यांना सापडला, त्यांना नाच लागला नाही.

पण खरी परीक्षा पेटी उघडताना. ती हातांची असते. "झटका नको, हातवारे नकोत," सर म्हणाले, आणि माझ्या पोटात गोळा आला. मी फोनवर बोलतानाही हातवारे करते. भाजीवाल्याशी घासाघीस करताना माझी मेथीची जुडी शेजारच्या बाईच्या चष्म्याला लागते. सरांनी धुराच्या डब्यात गोणपाट पेटवलं, भात्याने दोन फुंकरा दिल्या, झाकण काढलं आणि पोळ्याची एक लाकडी चौकट माझ्या हातात दिली. चौकटभर सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी माश्या, एकमेकींच्या पायांना धरून साखळ्या करून लोंबणाऱ्या. काहींच्या मागच्या पायांवर परागांच्या गोळ्या, एक हळदीसारखी, एक विटकरी. एका घरातून नवी माशी टोपण कुरतडत बाहेर येत होती. आधी मिशा, मग डोकं, मग जरा विश्रांती. बघत राहावं असं दृश्य. आणि नेमकी त्याच वेळी एक माशी माझ्या तोंडावरच्या जाळीवर, बरोबर नाकासमोर येऊन बसली. तिचं पोट आत-बाहेर होत होतं. माझ्या नाकाला खाज सुटली. दोन्ही हातांत चौकट, नाकावर जाळी, जाळीवर माशी. विपश्यनेला जाऊन आलेल्या माझ्या नणंदेने मला काहीही सांगू नये.

तेवढ्यात गोत्रवाले काका ओरडले. त्यांनी येताना, चतुर्थी म्हणून, केळं खाल्लं होतं. माशी डंख मारते तेव्हा इतरांना बोलावणारा जो वास सुटतो, त्यातला मुख्य घटक पिकल्या केळ्याच्या वासातही असतो. म्हणून पेटीपाशी केळं नको. सरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण तेव्हा काका गोत्रात अडकले होते. सरांनी नखाने नांगी खरवडून काढली. चिमटीत धरून काढली तरी चालते, फक्त उशीर करायचा नाही. काकांनी सुजलेला अंगठा दाखवत विचारलं, "हेच गुडघ्यावर घेतलं तर संधिवाताला चालेल का?"

सोसायटीत आता मी 'माश्यांच्या बाई'. टाकीखाली आग्याचं पोळं लागलं की सेक्रेटरी कीटकनाशकवाल्याआधी मला फोन करतात, ही एवढीच माझी कमाई. आग्या पेटीत राहत नाही, मोसम बदलला की आपणहून जागा सोडते, तोवर दगड मारू नका, हे मी सांगते. "नक्की कधी जाईल?" तारीख मिळाल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही.

शेवटी गच्चीवर सातेरीची एक पेटी आणली. सासूबाई म्हणाल्या, "आहेत तेवढ्यांचा स्वयंपाक होईना, आणखी वीस हजार कशाला?" पण त्यांचा खरा राग वाट्यांवर. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे असतात. मी रुखवतातल्या चार स्टीलच्या वाट्या ठेवल्या. त्यांवर 'सौ. मावशीकडून सप्रेम भेट' कोरलेलं आहे.

पावसाळ्यात डासांच्या अळ्या तपासायला माणूस आला. बॅटरी मारून त्याने वाट्या पाहिल्या.

"पाणी कशाला साठवलंय?"

"मुंग्यांसाठी."

"मुंग्या पाळता?"

"मुंग्या नाही हो, मधमाश्या. मुंग्या येऊ नयेत म्हणून पाणी. मी दर दोन दिवसांनी बदलते."

त्याने बॅटरी वाट्यांवरून वर पेटीकडे नेली. पेटीच्या दाराशी पहारेकरी माश्या बाहेर आल्या होत्या. तो जिन्यापर्यंत मागे गेला, तिथूनच कागद भिंतीला लावून भरला आणि माझ्याकडे सरकवला. शेरा होता, 'जवळून पाहिले. अळ्या नाहीत.'