मागे राहणाऱ्याकडे चावी

22 सप्टेंबर 2025 च्या रात्री, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, धाकटा भाऊ त्याच्या घराची चावी घेऊन माझ्याकडे आला. तो ऐरोलीला राहतो, मी ठाण्यात चरईत. टेंभी नाक्याच्या देवीमुळे रस्ते बंद, रिक्षा मिळेना, म्हणून स्टेशनवरून घामाघूम चालत आलेला. चावीला लाल दोरा बांधलेला आणि सोबत वहीचा एक कागद. कागदावर त्याच्या सुबक अक्षरात लिहिलेलं : ब्राउनीला सकाळ-संध्याकाळ दोन वाट्या भात, चिकन उकडून, हाडं काढून. कानात औषध रात्री, तीन थेंब. फटाके वाजले तर बाथरूममध्ये बसू द्यावं, ओढू नये.

मी विचारलं, "कुठे निघालायत? गावाला?"

तो ओशाळला. चपलेच्या अंगठ्याशी खेळत म्हणाला, "दादा, उद्या-परवा काही झालंच तर."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दक्षिण आफ्रिकेतल्या जोशुआ म्लाकेला नावाच्या एका उपदेशकाचा व्हिडिओ त्या महिनाभर सगळीकडे फिरत होता. 23-24 सप्टेंबर 2025 ला प्रभू येणार आणि खऱ्या विश्वासणाऱ्यांना वर उचलून घेणार. रॅप्चर. भावाचा हिशेब सरळ होता. तो आणि वहिनी वर जाणार, ब्राउनी खाली राहणार आणि मीही खालीच राहणार. मग कुत्र्याला कोण बघणार? दादा.

त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी चहा टाकला, कागदाची घडी घालून फ्रिजवर ठेवली. पण तो गेल्यावर बराच वेळ झोप आली नाही, हे कबूल करतो. सख्ख्या भावाने तुमची जागा इतक्या प्रेमाने, इतक्या सहज ठरवून टाकलेली असते तेव्हा भांडायचं तरी कशावर?

(हे सगळं त्याला वाचून दाखवलंय. "टाक," म्हणाला. "फक्त मंडळीचं नाव नको." मंडळी म्हणजे त्याचं चर्च.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या जोशींनी विचारलं, "तुमच्यात जगाचा शेवट कसा मानतात हो नक्की?" अडचण त्या 'तुमच्यात'मध्येच आहे. आमच्या एकाच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याची चार उत्तरं आहेत.

एका गोष्टीवर सगळे एक आहेत. ख्रिस्त पुन्हा येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील. कॅथलिक, प्रोटेस्टंट, केरळचे सिरियन, सगळे आपापल्या उपासनेत हे म्हणतात. 'त्याच्या राज्याचा अंत होणार नाही' ही ओळ 381 सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेपासून आमच्या तोंडी आहे. भांडण सुरू होतं ते बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, विसाव्या अध्यायापाशी. तिथे सहा ओळींत सहा वेळा 'हजार वर्षं' हा शब्द येतो. सैतान हजार वर्षं बांधलेला, ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य. ही हजार वर्षं खरीखुरी मोजायची की प्रतीक समजायची? आणि ख्रिस्त त्यांच्या आधी येणार की नंतर?

पहिल्या काही शतकांत पापियास, जस्टिन, इरेनियस अशा ख्रिस्ती लेखकांना वाटायचं की तो आधी येईल आणि मग इथेच, याच पृथ्वीवर राज्य करील. बिशप ऑगस्टीनने पाचव्या शतकात तो अर्थ बाजूला सारला. हजार वर्षं म्हणजे मंडळीचा आत्ताचा काळ, आपण त्यातच आहोत, असं त्याचं म्हणणं, आणि रोमन कॅथलिकांनी साधारण तेच धरलं. 1944 मध्ये रोमने स्पष्टच सांगितलं की ख्रिस्त दृश्य रूपात येऊन पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करील ही शिकवण, सौम्य रूपातसुद्धा, निर्धोकपणे देता येत नाही.

आमची सौ. ठाण्याचीच, ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या) कॅथलिकांपैकी. तिला हे 1944 वगैरे काही माहीत नाही आणि तिचं काही अडत नाही. तिच्यासाठी शेवट म्हणजे 2 नोव्हेंबरची संध्याकाळ. त्या दिवशी आम्ही मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन सासूबाईंकडे जातो. दफनभूमीत जागा कमी, म्हणून काही वर्षांनी थडगं उघडून अस्थी भिंतीतल्या कप्प्यात ठेवल्या; सासूबाईंचा कप्पा खालून चौथ्या रांगेत. मी एकदा मुद्दाम विचारलं, "पुनरुत्थानाच्या दिवशी यांचं कसं व्हायचं?" मेणबत्ती पेटवता पेटवता ती म्हणाली, "आई बेस्टच्या बसमधून उतरायची तशी उतरेल. दांडा धरून." ईश्वरविज्ञानाची एवढी जाडजूड पुस्तकं वाचली, पण याहून ठाम विधान मला कुठे सापडलेलं नाही.

मी स्वतः नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या वंशातला, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. आमच्याकडे प्रकटीकरणावर प्रवचन क्वचितच. पाळकसाहेब त्यातली सात मंडळ्यांना लिहिलेली पत्रं घेतात, मग थेट एकविसाव्या अध्यायावर उडी मारून नवं आकाश आणि नवी पृथ्वी. मधले शिक्के, कर्णे, श्वापदं गाळून. पूर्वी याचा राग यायचा. मग कळलं की यात आम्ही एकटे नाही. प्रोटेस्टंट सुधारक लूथरने 1522 मध्ये लिहिलं की या पुस्तकात पवित्र आत्म्याचा हात त्याला कुठे जाणवत नाही. दुसरा सुधारक कॅल्विन, त्याने नव्या कराराच्या बहुतेक पुस्तकांवर टीका लिहिल्या, प्रकटीकरणावर नाही. भावाच्या मजल्यावर एक मल्याळी ऑर्थोडॉक्स काका आहेत. त्यांच्या जुन्या, सिरियाक भाषेतल्या बायबलात हे पुस्तक मुळात नव्हतंच. काका तारखांच्या भानगडीत पडत नाहीत, पण प्रार्थनेला उभे राहताना तोंड पूर्वेला. प्रभू पूर्वेकडून येईल म्हणून. त्यांच्या मते, कधी येणार हे विचारायचं नसतं, तोंड कुठे आहे ते बघायचं असतं.

आणि तिसरा अर्थ, ज्याचं आता कुणी नावही काढत नाही : ख्रिस्त हजार वर्षांच्या नंतर येईल, म्हणजे आधी जग हळूहळू सुधारत जाईल. 1813 साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या पिढीत ही आशा जोरात होती. शाळा काढा, छापखाने काढा, देवाचं राज्य जवळ आणा. पहिल्या महायुद्धाने त्या आशेची पार हवा काढून घेतली. आज ती भाबडी वाटते. पण माझ्या खापरपणजोबांनी पहिलं अक्षर गिरवलं ते त्याच भाबड्या लोकांच्या शाळेत. जगाचा शेवट उद्याच आहे असं धरून चालणाऱ्याने नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यात शाळा कशाला बांधली असती?

आता भावाचा अर्थ. यावर मी जास्त लिहिणार, कारण चावी त्याने दिली.

मंडळी आधी गुपचूप वर उचलली जाईल, मग पृथ्वीवर सात वर्षांचा महाक्लेश, मग ख्रिस्त उघडपणे येईल. ही मांडणी प्राचीन आहे असं त्याला मनापासून वाटतं. ती आहे 1830 च्या दशकातली. जॉन नेल्सन डार्बी नावाच्या आयर्लंडच्या चर्चमधून बाहेर पडलेल्या उपदेशकाने ती रचली आणि पसरवली. 1909 मध्ये स्कोफिल्डने ती बायबलच्या पानांवर तळटीपा म्हणून छापली. तळटीप वचनाखालीच असली की वाचणाऱ्याला दोन्ही एकाच वजनाचं वाटू लागतं. अठराशे वर्षं जे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं ते शंभर वर्षांत 'बायबलात लिहिलंय' झालं.

तारखा काढणारे निराळे. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन उपदेशकाने बायबलच्या दानीएल पुस्तकातले 2300 दिवस वर्षं धरून हिशेब केला आणि त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख पक्की केली. काही शेतकऱ्यांनी त्या हंगामात पीकच काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. 2011 मध्ये कॅम्पिंग नावाच्या अमेरिकन रेडिओवाल्याची 21 मे झाली, मग 21 ऑक्टोबर झाली. आमच्या पप्पांचं यावर एकच औषध असायचं. ते शाळामास्तर. ग्रुपवर असला व्हिडिओ आला की खाली फक्त 'मत्तय 24:36' टाकायचे. तो दिवस आणि ती घटका कुणाला ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. पप्पा गेले आणि ग्रुपवर ते टाकणारं कुणी उरलं नाही. मी टाकलं असतं तर टोमणा वाटला असता.

प्रकटीकरणातल्या श्वापदाच्या खुणेचंही, म्हणजे 666 या आकड्याचंही तेच. आधार आलं तेव्हा 666, लस आली तेव्हा 666. वहिनी नर्स आहे. सकाळी ती लसीकरण केंद्रावर दंडात सुया टोचायची आणि संध्याकाळी नवऱ्याच्या मोबाइलवर तीच सुई सैतानाची खूण असायची. शेवटी तिने त्याला घरातल्या खुर्चीत बसवून दम दिला आणि दुसऱ्या दिवशी रांगेत उभं केलं. खरं तर हा आकडा हिब्रू अक्षरांच्या किमती मांडून पाहिला की 'नेरोन केसर' असा जुळतो, ख्रिस्ती लोकांना छळणारा रोमचा बादशहा नीरो. काही फार जुन्या हस्तलिखितांत 666 ऐवजी 616 आहे. शेवटचा 'न' काढला तर पन्नास कमी होतात, बरोबर 616. लिहिणारा हद्दपारीत होता आणि वाचणारे छळात होते. त्यांना आपल्या काळातलं श्वापद चांगलं ओळखू येत होतं. क्यूआर कोडची वाट बघायची गरज नव्हती.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. 23 तारखेला सकाळी कॉलेजातल्या जुन्या मित्राचा इस्रायलमधल्या अश्दोदहून मेसेज आला. तो बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुदी, मूळचा टेंभी नाक्याचा. आज नव्याचा सण, म्हणाला, म्हणजे रोश हशाना, यहुद्यांचं नवं वर्ष. शिंगाचा कर्णा फुंकतात तो दिवस, आणि म्हणूनच व्हिडिओवाल्याने तो धरलेला. टेंभी नाक्याचं सिनेगॉग 1879 चं, शाआर हशामाईम, स्वर्गाचं द्वार. मित्राची आई मलिदा करायची तेव्हा आम्हाला बोलवायची. ताटात गोड पोहे, खोबरं, फळं आणि एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं नाव. मलाखीच्या पुस्तकात तो महान दिवस येण्याआधी एलिया येईल असं आहे, म्हणजे वाट तीही माउली बघतच होती, पोह्यांच्या ताटासमोर. आता भावाच्या मांडणीत यहुद्यांचं काय होतं? त्यांनी इस्रायलात जमायचं, महाक्लेशात बहुतेकांनी मरायचं आणि उरलेल्यांनी शेवटी येशूला मानायचं. म्हणून युद्ध पेटलं की काही फेलोशिपांत, म्हणजे भावाच्यासारख्या प्रार्थना-गटांत, 'हालेलुया' होतो. मी भावाला विचारलं, "त्या मावशींच्या हातचा मलिदा तू माझ्यापेक्षा जास्त खाल्लायस. त्यांच्या नातवंडांचं या तक्त्यात काय?" तो गप्प बसला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याचं वाईट त्यालाच जास्त वाटलं असावं.

उचलून नेण्याचं सगळं ज्या वचनावर उभं आहे ते बायबलातलं 1 थेस्सलनीका 4:17. आपण ढगांत प्रभूला सामोरे जाऊ. 'सामोरे जाणं' यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, अपांतेसिस, तोच दहा कुमारींच्या दाखल्यात आहे, वराला सामोऱ्या जाणाऱ्या. आणि बायबलच्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात रोमचे ख्रिस्ती बंधू प्रेषित पौलाला घ्यायला अप्पियाच्या पेठेपर्यंत गेले, तिथेही तोच. पौलाला भेटून ते तसेच पुढे निघून गेले नाहीत. त्याला घेऊन रोमला परत आले.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागतं याचंच नवल वाटतं. सीमांतपूजन काय असतं? वरपक्ष वेशीवर आला की मुलीकडचे सामोरे जातात, वाजत-गाजत गावात आणतात. आमच्या गावच्या ख्रिस्ती लग्नांत पूजन नव्हतं, पण वऱ्हाड आलं की वाजंत्री वेशीपर्यंत जायचीच. तिथे वराला भेटून कुणी गाव सोडून गेल्याचं मी ऐकलेलं नाही. मांडव गावातच असतो. प्रकटीकरणाच्या शेवटीही नवं यरुशलेम स्वर्गातून खाली उतरतं. कुणी वर जात नाही.

तर त्या 23 तारखेला दुपारी मी भावाला फोन केला आणि म्हटलं, "काय रे, आहेस ना अजून?" ऑफिसात सगळे हसले. तो हसला नाही. "आहे," म्हणाला आणि ठेवून दिला. तो फोन करायला नको होता.

24 ला संध्याकाळी सातला त्याचा फोन. ब्राउनीला फिरवायला खाली उतरला, दार मागून आपोआप लागलं, आतली चावी आत आणि वहिनी ड्युटीवर. "दादा, तुझ्याकडची चावी आणतोस का?" मी फ्रिजवरून कागद आणि चावी दोन्ही उचललं, ठाणे-वाशी लोकल पकडली. ऐरोलीला उतरलो तर जिन्याखाली हा उभा, हातात पट्टा, ब्राउनी जीभ काढून धापा टाकतेय.

"तू कशाला आलास स्टेशनपर्यंत? मला काय घर माहीत नाही?"

"असू दे रे दादा. चल."