कमल बस्तीचा एक फोटो पुरत नाही

'मोबाइलवर एकच फोटो काढा, मापासकट थ्रीडी नमुना तयार' असा मेसेज बेळगावात फिरतोय. तो अर्धवट आहे. किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या एका फोटोवरून ॲप खोलीचा, म्हणजे कोणती वस्तू किती लांब आहे याचा, नुसता अंदाज बांधतं; खांबामागची बाजू तर मनानेच रचतं. खरी खोली कळते ती जागा बदलून काढलेल्या फोटोंतून: जवळचा खांब जास्त सरकलेला दिसतो, मागची भिंत कमी. (एकाच जागी उभं राहून गर्रकन फिरलात तर शंभर फोटो फुकट.) आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६ सेंटिमीटर अंतर असतं, तेही याच कामाचं, ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ सालीच ते दाखवलं. आणि माप? नुसत्या फोटोंवरून देऊळ आणि त्याची खेळण्यातली प्रतिकृती सारखीच. निदान एक खांब टेपने मोजावाच लागतो.